विलायती पाला आणि घरची साखर

भाकरीच्या जागीं झाडाचें पान वाढण्याचा प्रसंग आमच्या शिनोलीच्या घरीं येईल, असें कोणी सांगितलें असतें तर आम्ही हंसलों असतों. परंतु गतवर्षीं पावसाळ्यांत तात्यांच्या टांचेवरील लहानशी जखम दोन महिने भरून येईना. रक्त तपासलें, तों साखर भलतीच वाढलेली! डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या व भात-भाकरी बेतानें खाण्यास बजावलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सुमारें दहा कोटी माणसें मधुमेही आहेत; पण आपल्याच पंक्तींतला मनुष्य त्यांत निघाला म्हणजे त्या आंकड्याचा अर्थ कळतो.

ज्वारी हलकी म्हणून तात्या तीन भाकरी खात. परंतु १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें ७० ग्रॅम पिष्ट असतें, आणि पोटांत गेल्यावर त्याची साखरच होते. लेट्यूसच्या तितक्याच पानांत तें अवघें ३ ग्रॅम. बाकी बहुतेक पाणी. कोरियांत अशा पानांत जिन्नस गुंडाळून खाण्याची चाल जुनी आहे, हें वाचून आम्ही उत्साहानें कामास लागलों.

कार्तिकांत परसांत बीं पेरलें. तें फार बारीक; खोल पुरूं नये, वर चिमूटभर माती पुरे. पौषांत पानें काढणीस आलीं. उन्हें तापलीं कीं मधला दांडा वर चढतो व पान कडू होतें. म्हणून हें थंडीचेंच पीक.

तात्यांनीं पान निरखून पाहिलें व म्हणाले, "१९३० सालीं ज्या बाबू गेनूनें विलायती कापडाच्या ट्रकपुढें देह ठेवला, तो आपल्याच तालुक्यांतला. आणि तूं मला विलायती पाला चारतोस?" आम्हीं सातगांव पठारावरच्या बटाट्याचें मूळ गांव विचारलें, तेव्हां ते गप्प बसले.

कृति सोपी आहे. पानें कच्चींच खावयाचीं, म्हणून तीन पाण्यांनीं धुवून फडक्यावर कोरडीं करावीं. मागील जाड शीर तासावी. हें काकूंना सांगावें लागलें नाहीं, अळूवड्या करून त्यांचा हात बसलेला. हिंग-मोहरीच्या फोडणीवर मूठभर वाफवलेली मोडाची मटकी व कुसकरलेलें पनीर परतावें. दाण्याचें कूट, ओलें खोबरें, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ व लिंबू घालावें. सारण निवूं द्यावें, नाहींतर पान मलूल होतें. मग दोन्ही कडा आंत घेऊन गुंडाळावें. काकूंनीं तर विड्यासारखी प्रत्येकास लवंग टोंचली!

पहिल्या दिवशीं तात्यांनीं सहा गुंडाळ्या खाल्ल्या. भाताचें शीतही आम्हीं पानांत पडूं दिलें नाहीं. गोळी मात्र नेहमींचीच.

चारच्या सुमारास ते घामानें निथळले, हात थरथरूं लागले, बोलणें असंबद्ध झालें. यंत्रावर साखर ५८! आम्ही डॉक्टरांचा नंबर शोधीत उभे. काकूंनीं तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून घोंट घोंट पाजली. पाव तासानें तात्या शुद्धीवर येऊन म्हणाले, "चहा झाला कां?" आणि काकू पदर डोळ्यांस लावून खालीं बसल्या.

डॉक्टरांनीं आमचीच कानउघाडणी केली, आणि ती योग्यच होती. साखर उतरविणारी गोळी चालू असतां अन्नांतलें पिष्ट एकाएकीं तोडलें, तर गोळीचा जोर अंगावर येतो. आधीं वैद्यास विचारावें, मग ताट बदलावें. आम्हीं पानाचा अभ्यास केला. माणसाचा करावयाचा राहून गेला.

आतां गोळीचें मान बदललें आहे. दुपारीं एक भाकरी, रात्रीं दोन गुंडाळ्या असा बेत ठरला. औषध, पथ्य व रोजची मलमपट्टी यांनीं जखम हळूहळू भरून आली. तात्या फिरावयास निघाले कीं काकू त्यांच्या सदऱ्याच्या खिशांत साखरेची पुडी ठेवतात. जी साखर आम्हीं मोठ्या आवेशानें स्वयंपाकघरांतून हद्दपार केली होती, तीच आतां त्यांच्या सोबतीस असते. आणि त्या पुडीकडे पाहिलें कीं आम्हांस आमच्या विद्वत्तेची थोडी लाज वाटते.