तार पुसली, पंजा राहिला

१.
उमरी स्टेशनापलीकडे तुरीचं शेत, वर विजेची तार, तारेवर नीलपंख. ऊन कोवळं, पक्षी निवांत. फोटोत तीन तारा आडव्या आणि कोपऱ्यात अर्धा खांब.

२.
लग्नाचे अल्बम करणारा स्टुडिओतला पोरगा म्हणाला, "तारा काढून देतो की सर, दोन मिनिटांचं काम हाय." दिल्या काढून. मग फोटो मोठा करून पंजा बघितला. बोटं घट्ट आवळलेली आणि मुठीत नुसतं आभाळ. एका नखाचं टोक तारेबरोबर गेलेलं. "फांदी बसवू का?" ॲपने फांदी दिली ती जाडजूड, शेवाळलेली, पावसात भिजल्यासारखी. आमच्या शिवारात बाभूळ, बोर, कडुनिंब. असल्या फांदीवर नीलपंख बसलेला उमरीत कुणी बघितला नसेल. म्हटलं, "राहू दे बाबा, तारा परत आण."

३.
सीमेपलीकडे, तेलंगणात, नीलपंख हा राज्यपक्षी. तिकडे त्याला पालापिट्टा म्हणतात.

४.
हरभऱ्यात घाटेअळी पडते म्हणून शेतकरी पक्षीथांबे लावतात. एक उभी काठी, वर एक आडवी. कोतवाल तिथून झेप घेतो, अळी उचलतो आणि पुन्हा त्याच काठीवर येऊन बसतो. असा एक फोटो मित्राला दाखवला. तो म्हणाला, काठी तेवढी काढ, मग फोटो स्पर्धेचा आहे. पण काठी काढली की ती रोवणारा माणूस गेला, अळी गेली, हरभराही गेला.

५.
१८८४ नंतर रानपिंगळ्याचा भरवशाचा पुरावा उरला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश कर्नलाचा एक नमुना तेवढा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं: मांडवी, गुजरात, १९१४. पक्षी अस्सल होता, चिठ्ठी खोटी. जेम्स डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला जुना नमुना संग्रहालयातून चोरून, उसवून, नव्याने भरलेला होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी हे उघडकीला आणलं. मग ती नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी जुन्या, खात्रीच्या जागा धुंडाळल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. पक्षी तोच ठेवून त्याचा ठावठिकाणा बदलला, तर केवढं नुकसान होतं हे मला या गोष्टीने कळलं. कुठलीतरी फांदी चिकटवलेले फोटो म्हणूनच मला बघवत नाहीत.

६.
टिटवीची अंडी खडीच्या रंगाची असतात. एका फोटोत भोवतालची खडी धूसर करून अंडी ठळक केलेली. टिटवीने ती जागा निवडली होती अंडी दिसू नयेत म्हणून.

७.
मागचं स्वच्छ हवं असेल तर दोन पावलं डावीकडे सरकावं. बांधावर पालथं पडावं. पक्षी आणि मागची झाडं यांच्यात जितकं अंतर जास्त, तितकं मागचं विरघळतं. भिंगाचं छिद्र मोठं ठेवावं. हे सगळं रानात, पक्षी समोर असताना करायचं काम आहे. एवढं करूनही प्लास्टिकची पिशवी फोटोत आलीच, तर ती तिथे होती.

८.
फांदी खरोखरच तोडणारेही आहेत. घरटं नीट दिसावं म्हणून भोवतीची पानं छाटतात. पिल्लं उन्हात उघडी पडतात, कावळ्याला आयती सापडतात. संगणकावरच्या खाडाखोडीने फोटो खोटा होतो. इथे जीव जातो. अशा फोटोला कुणीही वाहवा देऊ नये.

९.
लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्र स्पर्धा: कॅमेऱ्यातल्या धुळीचे ठिपके काढलेले चालतात. चित्रातली वस्तू काढलेली किंवा घातलेली चालत नाही.

१०.
माळढोक जड. उडताना समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी चटकन वळता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातेतल्या त्याच्या टापूतल्या तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. तारा दिसणारे फोटो कुणीतरी जपून ठेवायला हवेत.

११.
५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह. शाळेत फोटो लावताना खाली चार गोष्टी लिहाव्यात: पक्षी, शिवार, महिना, कशावर बसला होता. पोरं चौथी गोष्ट आधी वाचतात.

१२.
मंगोलियात गळपट्टी घातलेले पट्टकादंब हिवाळ्यात भारतात दिसले आहेत. पट्टीवरची अक्षरं फोटोवरून वाचता येतात आणि पक्षी कुठून आला ते कळतं. पायातलं कडं किंवा गळ्यातली पट्टी 'डाग' समजून पुसू नये. पुसलीच असेल, तर मूळ फाइल काढून टाकू नये.