थंडी हाही दुष्काळच

मसाल्याच्या डब्यातले दगडफूल हे फूल नव्हे. दगड ही तर त्याची केवळ बैठक. झाडाची सालही त्याला चालते. ज्या कुळातले ते आहे त्याला मराठी परिभाषेत 'शैवाक' म्हणतात, आणि या शब्दात शैवल व कवक दोन्ही एकदम ऐकू येतात. कवकाने आसरा द्यावा, शैवलाने उन्हातून अन्न करावे, असा हा संसार.

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर) शैवाके पाहायची तर अकोले तालुक्यात जावे. हरिश्चंद्रगडाच्या कातळावर उन्हाळ्यात ती करड्या खपल्यांसारखी दिसतात. त्यांना मुळे नाहीत, पाणी धरून ठेवण्याची सोयही नाही. हवा कोरडी झाली की ती वाळतात, श्वसन जवळजवळ थांबते. ओल मिळताच काही मिनिटांत काम पुन्हा सुरू होते.

याच कुळाने अंटार्क्टिका गाठले आहे. भारताचे 'मैत्री' हे संशोधन केंद्र १९८९ मध्ये जिथे उभे राहिले, तेथील उघड्या खडकांवरही शैवाके आहेत. जर्मन शास्त्रज्ञ ओटो लांगे यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, काही शैवाके उणे २४ अंश सेल्सिअसलाही अत्यल्प प्रमाणात का होईना, कर्बवायू घेऊन प्रकाशसंश्लेषण करतात. पाणी गोठलेले असताना हे घडते कसे?

बर्फ पेशीच्या आत नव्हे, बाहेर तयार होतो. तो पेशीतले पाणी हळूहळू ओढून घेतो. आत उरलेला रस घट्ट होत जातो आणि घट्ट रस सहजी गोठत नाही. पेशीतली शर्करासदृश द्रव्ये तिला या कोरडेपणात सांभाळतात. शिवाय हिरवे शैवल असलेली शैवाके द्रव पाण्यावाचून, नुसत्या बाष्पावरही जागी होतात. बर्फाभोवतीची हवा त्यांना ती ओल पुरवते. थोडक्यात, पेशीच्या दृष्टीने गोठणे म्हणजे वाळणेच. ज्याला अवर्षण सोसता आले, त्याला हिमही सोसता येते.

अवर्षण हा शब्द आमच्या जिल्ह्यात कोशातून शिकावा लागत नाही. पाथर्डी-शेवगावकडची कित्येक मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडला की परततात. वर्गात त्यांची बाके रिकामी राहतात. हजेरीपटावर 'अनुपस्थित' एवढीच नोंद होते. परतलेला एखादा विद्यार्थी वही उघडून अर्ध्या राहिलेल्या ओळीपासून लिहू लागतो, तेव्हा शैवाकाची उपमा ओठांवर येतेच. थांबणे म्हणजे संपणे नव्हे, हे तिच्यातले सत्य आम्हांला मान्य आहे.

तरीही ही उपमा जपून वापरावी असे वाटते. वाङ्मयाच्या वर्गात सोशिकतेचा गौरव फार स्वस्त होतो. शैवाकाने कोणाकडून उचल घेतलेली नसते. त्याचे थांबणे कोणाच्या हिशेबवहीत जमा होत नाही. शिवाय त्याची वाढ इतकी मंद असते की, ध्रुवीय प्रदेशात हाताएवढ्या ठिपक्यामागे शतके असू शकतात. दगडावर वसलेल्या जिवाला तेवढा अवकाश असतो. पदवीच्या तीन वर्षांत तो मावत नाही.