आईची खिडकी
आमची थोरली आर्किटेक्चर शिकते. कोकणातले आमचे जुने घर पाडून नवे बांधायचे, असा आम्हां भावांचा ठराव झाला. मीही मान डोलावली. मे महिन्यात थोरलीने मापे घेऊन ऑटोकॅडवर घराचा घनाकृती आराखडा तयार केला. त्यात माजघर शोधायला निघालो की मी हटकून परसात जाऊन पडे! शेवटी तिने ‘व्ह्यू’ ही आज्ञा देऊन तीन दृश्यांना नावे दिली. एक नाव माझे: ‘आईची खिडकी’. ते निवडताच झोपाळ्यावरून दिसे तशीच खिडकी समोर हजर! फाइल मिटली तरी नाव आराखड्यातच राहते. नामाचे सामर्थ्य मी वीस वर्षे वर्गात शिकवतो आहे. ते असे कधी पाहिले नव्हते.

परवा ती त्याच फाइलीत नवी आखणी करीत होती. मी सवयीने ते नाव निवडायला सांगितले. कोन तोच, अंतर तेच. खिडकी मात्र नाही.

“बाबा, व्ह्यूमध्ये पाहण्याची जागा तेवढी राहते. भिंत मी आज खोडली.”

मी चष्मा पुसला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. तरी धाकट्या भावाला फोन लावला.