नेवाळीच्या धावपट्टीस अनावृत पत्र

प्रिय धावपट्टी,

वयानं तू माझ्या आजीच्या बरोबरीची. आजीला 'अगं'च म्हणायचो, म्हणून तुलाही तसंच लिहितो.

पत्र स्वार्थी आहे, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली गाडीवेडी माणसं. कुणाची जुनी झेन, कुणाची एस्टीम, एकाची वडिलांनी जपलेली प्रीमियर पद्मिनी, दोघातिघांच्या हप्ते चालू असलेल्या नव्या गाड्या. स्वतःला क्लब म्हणवतो, पण ऑफिस नाही, पावतीपुस्तक नाही, वर्गणी मागितली की अर्धे लोक गप्प होतात. मागणी मात्र साधी आहे. वर्षातून दोनचार रविवार, सकाळी आठ ते एक, अशी मोकळी टणक जमीन हवी, जिथे गाडी तिच्या कुवतीप्रमाणे पळवून, वळवून, थांबवून बघता येईल. आणि ती खिशाला परवडली पाहिजे. इतकंच जमत नाहीये.

आमच्या भागात गाडी असणं आणि गाडी चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीळफाट्याच्या गर्दीत पाच गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्येच म्हातारी होते. रविवारी पहाटे उठून माळशेजला जायचं, मिसळ खायची, ऊन चढायच्या आत परत यायचं, त्याला आम्ही 'ड्राइव्ह' म्हणतो. खरं तर तो नाश्ता आहे. रात्री रिकाम्या रस्त्यावर पोरं जे करतात ते आम्हाला करायचं नाही. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्यात कुणी मेलं तर ते बहुधा शर्यतीशी संबंध नसलेलं, दूध आणायला निघालेलं माणूस असतं.

मग ट्रॅकवर जा ना, असं सगळे सुचवतात. जाऊ की! कोइम्बतूरजवळचा कारी स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, तिन्ही इथून हजार किलोमीटरच्या पुढे. गाडी चालवत न्यावी तर पोहोचेपर्यंत टायर आणि कंबर दोन्ही गेलेली, ट्रकवर चढवून न्यावी तर भाड्यात सेकंडहँड स्कूटर येईल. जवळ म्हणाल तर अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर 'व्हॅली रन' होते, पण ती सरळ रेषेतली शर्यत. गाडी सरळ पळते हे आम्हाला माहीत आहे, आम्हाला ती वळते कशी ते बघायचंय. कोल्हापूरकरांचा हेवा वाटतो. त्यांच्याकडे कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि त्यांचा कृष्णराज महाडिक २०१७ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत गाडी चालवून आला.

म्हणून नजर तुझ्याकडे गेली. धावपट्टीवर गाड्या पळवण्यालाही मोठी परंपरा आहे, बरं का. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन हे मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकी विमानांचा तळ. युद्ध संपलं, विमानं गेली, डांबर उरलं. १९४७ मध्ये काही मित्रांनी कुणाला न विचारता तिथे गाड्या पळवल्या. एक मेंढी आडवी आली, मेंढीही गेली आणि गाडीही. त्या शर्यतीला लोक अजून 'मटन ग्रां प्री' म्हणतात. पुढच्याच वर्षी रॉयल ऑटोमोबाइल क्लबनं रीतसर शर्यत भरवली, कडेला तेलाची पिंपं आणि गवताचे भारे रचून. १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वनच्या विश्व अजिंक्यपद मालिकेची पहिली शर्यत तिथेच झाली. आपल्याकडे चेन्नईच्या उत्तरेला शोलावरमची धावपट्टी तशीच युद्धातली. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं तिच्यावर काही दशकं शर्यती घेतल्या, आणि स्वतःचा ट्रॅक बांधून तो १९९० मध्ये सुरू केला. गरीब क्लबांना जगभर विमानतळांनीच पोसलं आहे. सपाट, लांब, आजूबाजूला मोकळं, आणि बांधायचा खर्च दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेला.

तो खर्च कुणी केला, हे तुझ्या बाबतीत विचारायला गेलो आणि माझा उत्साह तिथेच अडखळला.

१९४२ च्या सुमारास ब्रिटिशांनी नेवाळी, भाल, द्वारली आणि आसपासच्या गावांची सोळाशे एकरांहून जास्त जमीन घेतली आणि तुला बांधलं. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळायला हवी होती, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. ती आमची आहे, असं संरक्षण खात्याचं. शेतकरी कसत राहिले. नवी मुंबईचा विमानतळ खारफुटीवरून अडला होता तेव्हा पर्यायी जागा म्हणून कल्याणचं, म्हणजे तुझं नाव निघालं आणि मागे पडलं. २०१७ मध्ये नौदलानं संरक्षक भिंत घालायला घेतली. २२ जूनला, ऐन पेरणीच्या दिवसांत, रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या, छर्रे उडाले, आंदोलक आणि पोलीस दोघेही जखमी झाले.

आता अशा जागी मी हेल्मेट काखेत मारून जाणार आणि म्हणणार, 'दादा, जरा बाजूला व्हा, आम्हाला लॅप टाइम घ्यायचाय'? आमच्या ग्रुपमध्ये यावर वाद झाला. एकाचं म्हणणं, सरकारकडे अर्ज करायला काय जातं. जातं. ज्या जमिनीचा मालक कोण हेच ठरलेलं नाही, तिथे आमच्या अर्जावर सही करणारा एका बाजूचा शिक्का मारत असतो, आणि आमची रविवारची हौस त्या भांडणात एक पुरावा होऊन बसते. जमीन ओसाड आहे, बघा, गाड्या पळवतायत, असं उद्या कुणीही म्हणेल. मला तो पुरावा व्हायचं नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव लागेल त्याला भाडं द्यायला मी तयार आहे. तोपर्यंत तुझ्यासाठी अर्ज करणार नाही.

तू सुटलीस, पण प्रश्न उरला. तो सोडवताना मला तुझ्याच शेजारच्या गावांतल्या बैलगाडा शौकिनांची आठवण झाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या शर्यतींवर बंदी घातली. मग राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, नियम केले, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी बंधनकारक झाली, आणि २०२३ मध्ये घटनापीठानं त्या कायद्याला मान्यता दिली. बैलांच्या बाजूनं आणि विरुद्ध बोलण्यासारखं पुष्कळ आहे, त्यात मी पडत नाही. मला दिसलं ते एवढंच, की त्यांनी एक पैशाचंही डांबर मागितलं नाही. कापणी झालेलं रान, दोन्ही बाजूंना माणसं उभी, की झाली जागा तयार.

मग आम्ही तरी डांबर मागतोय ते कशासाठी? वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर साधारण चौपट होतं. ट्रॅक महाग होतात ते इथे. ताशी दीडशेनं वळणाऱ्या गाडीला चुकायला शेतभर जागा द्यावी लागते, भिंती, टायरांचे ढीग, अग्निशमन, सगळंच वाढत जातं. पण ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी धावते, शंकूंमधून वळत, घड्याळाविरुद्ध. वेग ट्रॅकपेक्षा बराच कमी असतो. शंकू पाडला तर वेळेत दंड. आणि आपल्या देशात ऑटोक्रॉस कितीतरी ठिकाणी मातीवरच होतो. मातीवर टायर लवकर सुटतो, म्हणजे गाडी घसरते कशी आणि सावरायची कशी, हे कमी वेगात शिकता येतं. आमच्यातल्या डोंबिवलीकर अभियंत्यांना हे कळायला इतका वेळ लागायला नको होता.

तर आता आमचा डोळा लग्नाच्या लॉन्सवर आहे. कल्याण-मुरबाड रस्त्यावर, बदलापूरच्या वाटेवर हॉलला लागून मुरमाची पार्किंगची मैदानं असतात, रोलर फिरवलेली. लॉन्सवाल्याला फोन केला की पहिला प्रश्न येतो, 'पार्टी किती माणसांची?' गाड्यांची आहे म्हटलं की तो बराच वेळ काही बोलत नाही. मुहूर्ताच्या दिवसांत तो दर असा सांगतो की त्यात एखाद्याचं लग्न लागावं. चातुर्मासात मैदान रिकामं असतं, पण तेव्हा मुरमाचा चिखल होतो. राहतो पौष. लग्नं जवळजवळ नाहीत, जमीन वाळलेली, सकाळी थंडी, इंजिनं खूश. कार क्लबचं वेळापत्रक पंचांगात बघून ठरवायची वेळ येईल, असं वाटलं नव्हतं.

खर्चाची यादी तयार आहे. मैदानाचं भाडं, धुरळा बसवायला पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका आणि डॉक्टर, अग्निशमनाची नळकांडी, शंकू, पोलीस ठाण्याला पत्र. अपघाताचा वेगळा विमा काढणं आलंच, कारण गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ही सगळी रक्कम गाड्या किती येतात त्यावर भागली जाते. म्हणून पद्मिनीवाल्या काकांनाही आग्रह करतोय. ते म्हणतात मी फक्त बघायला येणार. बघायला येणाऱ्याकडून वर्गणी घ्यायची का, यावर पुढची बैठक आहे.

तुझा वाद मिटला आणि जमीन ज्याची त्याला मिळाली, तर मालकाकडे रीतसर येईन. भात निघाल्यावर, त्याला सोयीच्या रविवारी. म्हशी आधी बाजूला बांधून घेऊ, मटन ग्रां प्री आम्हाला नको.

तुझा,
डोंबिवलीचा एक झेनवाला