बुळबुळीत रस

गळिताच्या दिवसांत प्रवरानगरला मळीचा वास नाकात बसतो. विठ्ठलराव विख्यांच्या इथल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 चा.

तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला, की ल्युकोनोस्टॉक जिवाणू त्यात शिरतात. त्यांचं एन्झाइम साखरेतला ग्लुकोज जोडत जोडत डेक्स्ट्रान बनवतं. रस बुळबुळीत होतो, दाणा लांबट पडतो. डेक्स्ट्रान म्हणजे कारखान्याला डोकेदुखी, औषधनिर्मितीत मात्र त्याला मागणी!

म्हणून डेक्स्ट्रान बनवणारं हे एन्झाइम यीस्टकडून तयार करवून घ्यावं, तर यीस्टचं स्वतःचं एन्झाइम, इन्व्हर्टेज, आधीच साखर फोडून बसतं. इन्व्हर्टेजचं जनुक काढता येतं. पण पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाला यीस्ट आपल्या मॅनोजच्या साखळ्याही चिकटवतं. पाहुण्याला घरचे कपडे घालायची ही हौस! मला खरी मेख इथेच दिसते.