थर्मोस्टॅट घेताना: ८२ की ८८?

मंडळी, गाडीचा हीटर नीट तापत नाही म्हणून मुलांना जाड जॅकेट घालून कारसीटमध्ये बसवत असाल, तर हे वाचा. पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गाडीचं हेच झालं. स्लाऊच्या बाथ रोडवर सिग्नलला थांबलं की हीटर कोमट, आणि एम ४ वर वेग घेतला की तापमानाचा काटा खाली, हवा गार! धाकटी साडेतीन वर्षांची. फुगीर जॅकेटवरून पट्टा घट्ट वाटतो, पण धडक बसली की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. म्हणून इथे सांगतात, जॅकेट काढा, पट्टा लावा, वरून पांघरूण घाला. पण गाडीत दात वाजत असताना पोर जॅकेट काढू देतं का? काचेवरचं धुकं जात नाही ते वेगळंच.

दोष निघाला थर्मोस्टॅटचा. ही इंजिन आणि रेडिएटरच्या मधली झडप. आत मेण असतं. कूलंट तापलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते, निवलं की स्प्रिंग ती बंद करते. आमची उघडीच अडकली होती. कूलंट सतत रेडिएटरमधून फिरणार, इंजिन तापणार नाही, आणि हीटर तर त्याच कूलंटच्या उष्णतेवर चालतो.

नाशिकला बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर उत्तर तयार: "अगं, काढून टाक तो! आपल्या फियाटचा मेकॅनिकने काढलाच होता." खरंय. मे महिन्यात कसारा घाटात रेडिएटर उकळायचा, बॉनेट उघडून आम्ही कडेला उभे. तिथे इंजिन गार ठेवायची चिंता, इथे जानेवारीत बरोबर उलटी. शिवाय आताच्या गाडीचा कॉम्प्युटर कूलंटचं तापमान बघून पेट्रोल सोडतो, इंजिन गार दिसलं की जास्तच. आमच्या गाडीने पी ०१२८ कोड दाखवला, म्हणजे कूलंट हवं तितकं तापत नाही. (हा कोड आला तर आधी कूलंटची पातळी बघा, इंजिन गार असताना.) आणि इंजिनचा दिवा पेटलेला राहिला तर एमओटी नापास. बाबांना काही पटलं नाही. "कंपन्यांची नाटकं," म्हणाले.

आता निवड. नुसत्या नंबरप्लेटवरून भाग मागवू नका. एकाच मॉडेलला, एकाच वर्षी दोन वेगळी इंजिनं असू शकतात, तेव्हा चॅसी नंबर द्या आणि जुन्या भागावरचा नंबर जुळवा. थर्मोस्टॅटवर एक आकडा कोरलेला असतो, ८२, ८८ असा. झडप उघडायला सुरुवात होते ते हे तापमान. आमच्या गाडीला ८८ चा लागतो. एका दुकानदाराने ८२ चा पुढे केला, "हाही बसेल." बसेल हो, पण लवकर उघडेल आणि हीटर पुन्हा रडेल. कंपनीने सांगितलेला आकडाच घ्या, वरचा नाही, खालचा नाही. जुन्याला वायरचा प्लग असेल तर नवाही प्लगवालाच हवा.

डीलरकडूनच घ्यायला हवा असं नाही. माहले, वाहलर हे गाडीकंपन्यांनाही थर्मोस्टॅट पुरवत आलेत. पण ज्याचं नाव कधी ऐकलं नाही असा सात पौंडांचा नको. मजुरी भागापेक्षा जास्त पडते, ती दोनदा कोण देणार? रबरी सील नवंच घ्या, आणि प्लास्टिकचं घर तडकलं असेल तर तेही.

बसवण्याआधी मी तो घरीच तपासला. जुन्या पातेल्यात पाणी, दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी किचनचा थर्मामीटर. थोरला स्टुलावर उभा राहून आकडे मोजत होता. ८७ ला झडप किंचित हलली आणि तो ओरडला, "आई, तोंड उघडलं!" त्यादिवशी त्याचं विज्ञान झालं.

बसवायचं काम मेकॅनिकला दिलं. त्याला दोन गोष्टी आवर्जून विचारा: आतली हवा पूर्ण काढली का (राहिली तर हीटर गारच राहतो), आणि कूलंट आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलंच घातलं का. रंगावरून ठरवू नका, रंग सारखा असला तरी जात वेगळी असू शकते.

उरलेला कॅन उंच फडताळात ठेवा. बहुतेक कूलंटमध्ये असणारं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, त्यामुळे ड्राइव्हवेवर सांडलेलं लगेच पुसा. आमच्या शेजारच्यांचं मांजर तर गाडीखालीच बसलेलं असतं.