एक कॅमेरा, एक लेन्स आणि पाचवं व्रत



दिवाळीआधी मी दोन बांगड्या मोडून एक वापरलेला कॅमेरा घेतला. सासूबाईंना हे सांगताना जितकं अवघड गेलं, तितकंच इथे लिहितानाही जातंय. धसईसारख्या गावात, किराणा दुकानाच्या मागच्या घरात राहणाऱ्या बाईला पावणेदोन लाखांचा कॅमेरा कशाला हवा? तोही जुना? हाताशी मोबाइल असताना?

कारण सांगते. माझ्या नणंदेची मुलगी येत्या माघात दीक्षा घेते आहे. ताईंनी आणि भावोजींनी आज्ञापत्रावर सही केली त्या दिवशी सगळ्यांनी अनुमोदना केली, पेढे वाटले. ताई मात्र तेव्हापासून गप्पच आहेत. दीक्षेआधी मुलगी मामाच्या घरी पंधरा दिवस राहायला येणार होती. त्यानंतर ती महासतीजी होणार. नाव बदलेल. कधी विहार करत इकडे आल्या, गोचरीला दारात उभ्या राहिल्या, तर मी वंदना करीन, पण "अगं, बस ना जरा" असं म्हणता येणार नाही. दीक्षेनंतर फोटोचा प्रश्नच नाही. अनेक महासतीजी फोटो काढू देत नाहीत, आणि फ्लॅश म्हणजे तर तेउकायाची विराधना.

म्हणून मला ते पंधरा दिवस हवे होते. शोभायात्रेतले, नटलेले फोटो काढायला फोटोग्राफर येतीलच. मला तिचं खाखरे लाटणं, सामायिकाला बसताना कटासणं झटकणं, आजीच्या पायाला तेल लावणं हवं होतं. मोबाइल समोर धरला की ती लगेच हसते. सगळ्याच मुली हसतात, त्यांना ती सवयच लागली आहे.

आमच्याकडे सासऱ्यांचा याशिका इलेक्ट्रो ३५ आहे. तो रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीतून बघतो. थोड्या अंतरावर आणखी एक खिडकी असते, तिच्यातलं दृश्य आरशाने आणून मधोमध एका फिकट चौकोनात दाखवलेलं असतं. लेन्सची कडी फिरवली की ते दुसरं चित्र सरकतं. दोन्ही चित्रं एकावर एक बसली की समजायचं, फोकस झाला. दुकानातल्या जुन्या तराजूचे दोन काटे समोरासमोर यावेत, अगदी तसं. शिवाय खिडकीत फोटोची चौकट नुसत्या रेषांनी आखलेली असते. चौकटीबाहेर काय चाललंय तेही दिसत राहतं.

मग याशिकाच का नाही वापरला? तर रिळामुळे. फिल्मवरचा जो थर प्रकाश टिपतो, त्यात जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून काढतात. हे मला कळलं त्या दिवसापासून घरात रीळ आलेलं नाही. आपण बिस्किटाच्या पुड्यावर जिलेटिन शोधतो आणि कॅमेऱ्यात मात्र आनंदाने भरतो, हे मनाला पटेना. म्हणजे रेंजफाइंडरच हवा, पण डिजिटल. आणि डिजिटल रेंजफाइंडर नवा घेण्याची आपली ऐपत नाही. म्हणून वापरलेला.

पर्याय फार नव्हते. २००४ साली आलेला एप्सन आर-डी१ हा या जातीतला पहिला डिजिटल. त्याचा सेन्सर ६ मेगापिक्सेलचा, आणि आता दुरुस्तीला सुटे भाग मिळायची चिंता. २००६ चा लायका एम८ त्यातल्या त्यात स्वस्त पडतो, पण त्याला अवरक्त किरण दिसतात, त्यामुळे विशेष फिल्टर न लावल्यास काळं सिंथेटिक कापड जांभळट येतं. २००९ चा एम९ रंगांसाठी नावाजलेला, पण त्याच्या सेन्सरवरची काच काही वर्षांनी गंजल्यासारखी डागाळते. तो घ्यायचा तर सेन्सर बदललेला आहे का, हे आधी विचारायचं. शेवटी मी लायका एम, टाइप २४० वर आले. २०१२ साली जाहीर झालेला, २४ मेगापिक्सेलचा, आणि एम९ चा सेन्सरचा आजार याला नाही.

आता व्रताची गोष्ट. एका विक्रेत्याने फोनवर फारच कमी किंमत सांगितली. पण बिल मिळणार नाही, पैसे रोख द्या, म्हणाला. २०१६ च्या डिसेंबरात आमचं धसई राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून पेपरात झळकलं होतं. तेव्हापासून आमच्या गल्ल्यावर कार्डाचं मशीन आहे. रोख मागणाऱ्याकडे आम्ही जरा संशयानेच बघतो. पण खरी अडचण वेगळी होती. तिसऱ्या अणुव्रताचा पहिलाच अतिचार 'तेनाहडे', म्हणजे चोरीची वस्तू घेणे. प्रतिक्रमणात आपण तो रोज म्हणतो. कॅमेऱ्यावर क्रमांक असतो, तो क्रमांक लिहिलेलं बिल नसेल तर वस्तू कुणाची होती हे कसं कळणार? मी तो फोन ठेवून दिला. वापरलेली कुठलीही वस्तू घेताना, मग ती शिलाई मशीन का असेना, एवढं एक जरूर पाहा.

दुसऱ्या एका दुकानदाराकडे बिल होतं. एसटीने कल्याण, तिथून लोकलने सीएसएमटी, आणि मग चालत फोर्टातला बोरा बझार. हे बरोबर होते, पण बोलत नव्हते. दुकानात मी तीन गोष्टी केल्या. लेन्सचं छिद्र अगदी बारीक, एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, म्हणजे सेन्सरवर धूळ किंवा डाग असेल तर ठिपके दिसतात. टेबलावर पट्टी तिरकी ठेवून दहाच्या आकड्यावर फोकस केला आणि फोटोत दहाच स्पष्ट येतो का, ते मोठं करून पाहिलं. आणि दुकानाच्या पायरीवरून दूरच्या इमारतीची कड पाहिली, दोन चित्रं आडवी जुळतात तशी उभीही जुळतात का? घरी आल्यावर हीच परीक्षा गच्चीवरून सह्याद्रीच्या कडेवर पुन्हा घेतली. लेन्स अनंतावर, आणि डोंगराची रेघ एकच. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. दुकानदार चामड्याचं कव्हर आणि पट्टा फुकट देत होता, ते हात जोडून नाकारलं. कॅमेऱ्याच्या अंगावरचं आवरण कातड्यासारखं दिसतं, पण ते कृत्रिम आहे, हे आधीच पाहून ठेवलं होतं. पट्टा सुती घेतला.

लेन्स मात्र जाण्याआधीच ठरवली होती, आणि तीही घरी बसून. तुम्हीही करून पाहा. पुठ्ठ्यात ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच खिडकी कापा. पूर्ण आकाराच्या सेन्सरचं माप एवढंच असतं. ती खिडकी डोळ्यापासून ५० मिलिमीटरवर धरा, ५० च्या लेन्सला जेवढं दिसतं तेवढं दिसेल. ३५ वर धरा, ३५ ची लेन्स. एक पैसा खर्च नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात तो पुठ्ठा घेऊन उभी राहिले. दारापासून ओटा साधारण दोन मीटर. ५० मध्ये पावणेपाच फूट रुंदी मावते, म्हणजे लाटणारी एक बाई. ३५ मध्ये पावणेसात फूट, म्हणजे लाटणारी, शेकणारी, आणि खाली डबा भरत बसलेली आजीही. २८ मध्ये त्याहून जास्त, पण मला चष्मा आहे, आणि या कॅमेऱ्याच्या खिडकीत चष्म्यातून २८ च्या कडा नीट दिसत नाहीत. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे जगप्रसिद्ध छायाचित्रकार बहुतांश काम ५० च्याच लेन्सने करत राहिले. त्यांना रस्ता होता, मागे सरकायला जागा होती. माझ्या मागे पाण्याचा माठ आहे. ३५ ठरली.

मग प्रश्न उजेडाचा. सगळे सांगतात, फ्लॅश नाही तर एफ १.४ ची लेन्स घ्या. ती एफ २.५ पेक्षा सुमारे तिप्पट उजेड आत घेते, पण महाग पडते. मी आमच्या घराचा दिवस डोळ्यांसमोर आणला. नवकारसी सूर्योदयानंतर, चौविहार सूर्यास्ताआधी. जैन स्वयंपाकघराचं सगळं काम दिवसाउजेडीच होतं! रात्री आमच्या ओट्यावर काही घडतच नाही. व्रताने माझे पैसे वाचवले. फोइग्टलेंडरची ३५ मिलिमीटर, एफ २.५ ची कलर-स्कोपार घेतली, तीही वापरलेली. एवढीशी, आवळ्याच्या बरणीच्या झाकणाएवढी.

घरी आल्यावर सासूबाईंनी दोनच प्रश्न विचारले. "रीळ नाही ना यात?" आणि "वहीत लिहिलंस का?" वही म्हणजे आमची परिग्रह-परिमाणाची वही. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद, कुप्य अशा नऊ प्रकारांत काय किती ठेवायचं, ते आम्ही दरवर्षी लिहितो. त्या रात्री मी सुवर्णातून दोन बांगड्या कमी केल्या आणि कुप्यात लिहिलं, कॅमेरा एक, लेन्स एक. दुसरी आणावीशी वाटली तर पहिली आधी द्यायची. खरं सांगते, कॅमेरा घेतलेल्या माणसाला पुढची लेन्स, मग त्याच्या पुढची, अशी ओढ लागतेच. मलाही लागली. वही नसती तर मी अजून मोबाइलवर किमती बघत बसले असते.

भाची आली. कॅमेरा पाहून म्हणाली, "मामी, काढ हवे तितके. पण मला दाखवू नकोस." मी त्या पंधरा दिवसांत स्क्रीन बंदच ठेवला. दोन दिवसांत ती कॅमेरा विसरली.

अकराव्या दिवशी ताई आल्या. संध्याकाळी, चौविहाराच्या आधी, भाची खाखरे शेकत होती. मी दारात, डोळा खिडकीला. चौकटीच्या रेषेबाहेर, डाव्या कडेला, ताई खांबाला टेकून लेकीकडे बघत उभ्या होत्या. चौकटीत नव्हत्या, पण मला दिसत होत्या. मी थांबले. पुष्कळ वेळ गेला. मग भाचीने न बघताच हात मागे केला आणि म्हणाली, "आई, कापड दे." ताई एक पाऊल पुढे आल्या. तेवढाच फोटो काढला.

हा मोह आहे का? आहे. मला त्याचं समर्थन करायचं नाही, आलोचनेत मी तो सांगितला आहे. पण दीक्षा घेणारीने सोडायचं असतं, तसं आम्हा घरच्यांनीही सोडायचं असतं, आणि आम्हाला ते एका दिवसात जमत नाही. तो फोटो छापून ताईंच्या हातात दिला तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. मग डोळे पुसून विचारलं, "वर्षीदानाची तयारी कुठवर आली?" सही केल्यापासून त्यांनी दीक्षेबद्दल स्वतःहून काढलेला हा पहिला शब्द.

निघायच्या दिवशी भाची माझ्याजवळ आली. मी सवयीने कॅमेरा वर केला. या लेन्सचा फोकस ७० सेंटिमीटरच्या आत जुळत नाही. ती आणखी जवळ आली, खिडकीत तिचे दोन चेहरे वेगळेच राहिले, कडी पुढे फिरेना. मी कॅमेरा बाजूला ठेवला.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.